बहिणीचं विरजण

केतकीचं माप घ्यायला वृषालीला खरं तर टेप लागायचीच नाही. छाती बत्तीस, कंबर सव्वीस, दंड साडेनऊ. केतकीच्या लग्नात हेच, ओवी झाल्यावर हेच, आणि आता त्या ओवीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तरी हेच. तरी दर वेळी वृषाली टेप काढायची, धाकट्या बहिणीच्या कमरेभोवती गुंडाळायची, आकडा बघायची आणि मनात म्हणायची, मेलीचा अर्धा इंचसुद्धा हलत नाही!

"किती गं ताई?" केतकी विचारायची. माहीत असायचं, तरी विचारायची.

"तेच की. तुझं काय वाढणार आहे?"

"बया! मला वाटलं, या दिवाळीत तरी वाढले असेन," म्हणत ती खुदकन हसायची आणि डब्यातली तिसरी चकली उचलायची.

वृषालीचं स्वतःचं वजन चौऱ्याऐंशी किलो. वय सत्तेचाळीस. तासगावात तिचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं आणि ते चांगलं चालायचं, तेही अशा काळात, की मोबाइलसमोर गोल फिरलं की माप आपोआप जायचं आणि दुसऱ्या दिवशी ब्लाउज ड्रोनवरून उडत येऊन गॅलरीत पडायचा. पण ते यंत्र बाई जशी आहे तशी शिवायचं. वृषाली थोडं झाकायची, थोडं उठवायची, आणि बाई घरी जाऊन आरशासमोर दोन मिनिटं जास्त उभी राहायची. म्हणून गिऱ्हाइकं टिकून होती.

दुसऱ्यांचं झाकणाऱ्या या बाईला स्वतःच्या मनातलं एक मात्र कधी झाकता आलं नाही. तिला केतकीचा हेवा वाटायचा. साधासुधा नाही, रात्रीची झोप उडवणारा. लहानपणी बेबीमावशीनं, म्हणजे त्यांच्या आईच्या बहिणीनं, एका लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "केतकीला खाल्लेलं लागत नाही आणि वृषालीला नुसता वास लागतो." पंगत हसली. तेव्हापासून ते वाक्य घरात म्हणीसारखं रुळलं. कुठंही कार्य असो, केतकीला मध्ये बसवायचं आणि ती किती पुरणपोळ्या खाते ते मोजायचं. चार, पाच, एकदा तर सहा. बायका तोंडात बोटं घालायच्या. आणि वृषाली कोपऱ्यात बसून अर्धी पोळी पुरवून पुरवून खायची, तरी कुणीतरी म्हणायचंच, "बास कर हो वृषाली, डॉक्टरनं सांगितलंय ना?"

चूक कुणाचीच नव्हती म्हणा. पण मत्सराला चूक लागते कुठं? समोरच्याचं बरं चाललंय एवढं त्याला पुरतं.

अशात मिरजेहून ती बातमी आली.

आपल्या अंगात चरबी दोन जातींची असते. पांढरी ती कोठारातली. खाल्लेलं उरलं की साठवून ठेवणारी. दुसरी तपकिरी, मूठभर, गळपट्टीच्या हाडामागे आणि कण्याच्या आजूबाजूला लपलेली. ती साठवत नाही, जाळते, अंग ऊबदार ठेवायला. तान्ह्या बाळात ती भरपूर असते, मोठेपणी कुणात जास्त उरते, कुणात कमी. हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. आता नवीन काय झालं होतं, तर पोटातून नळीनं ओढून काढलेली पांढरी चरबी टाकून न देता तिच्यात सख्ख्या भावाबहिणीच्या तपकिरी पेशी मिसळायच्या, सहा आठवडे प्रयोगशाळेत उबेला ठेवायच्या, आणि मग ते मिश्रण त्याच माणसाच्या खांद्यांमागे टोचायचं, हे जमायला लागलं होतं. तपकिरी पेशींच्या संगतीनं पांढऱ्याही थोड्याफार तशाच वागायला लागायच्या. डॉक्टरांनी या उपचाराचं नाव चांगलं हातभर लांब ठेवलं होतं. बायकांनी एका आठवड्यात त्याचं विरजण करून टाकलं. दूध आपलं, विरजण बहिणीचं!

वृषालीनं ऐकलं आणि तिचे हात मशीनवर थांबले. केतकीच्या अंगात जे काही होतं, ते आता मागून आणता येणार होतं.

मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नाझनीन मुजावर पन्नाशीच्या होत्या आणि स्वतः काही बारीक नव्हत्या. वृषालीला त्यामुळे जरा धीर आला.

"मॅडम, किती उतरेल?"

"नळीनं चार लिटर काढू. काट्यावर जेमतेम तीन किलो दिसतील," डॉक्टर म्हणाल्या. "लायपोसक्शन वजन उतरवायला नसतं, वृषालीताई. आकार सुधारायला असतं. आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती जी चरबी असते तिथं आमची नळी पोचतच नाही. त्यामुळे साखरेवर त्याचा उपयोग नाही."

"आणि विरजणानं?"

"दिवसाला एक भाकरी जळेल."

"एकच?"

"एकच. वर्षाला चार किलो उतरले तरी मी खूश. तेसुद्धा ती भाकरी तुम्ही पुन्हा मागून घेतली नाहीत तर. अंगातली चरबी कमी झाली की मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो. तेव्हा सुटलात, तर जिथून काढली तिथं फारशी येणार नाही, पण पाठीवर येईल, दंडावर येईल."

हे वृषालीला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. पेठेतल्या शैलजा पाटलांनी नळी लावून घेतल्यावर एकदम अठरा ब्लाउज कमी करायला आणले होते. वृषालीनं आत दोन दोन इंच कापड राखून टीप मारली होती. दोन वर्षांनी त्याच अठरा ब्लाउजांचे दंड आणि पाठी उसवायला त्या परत आल्या, तेव्हा वृषाली तोंडावर पदर धरून हसली होती. इतकं डोळ्यांनी बघितलेली बाई! पण स्वतःवर आलं की माणूस आंधळं होतं. तिला वाटलं, शैलजाबाईंना कुठं केतकीसारखी बहीण होती?

"आणखी एक," डॉक्टर म्हणाल्या, "विरजण कुणाचंही असो, दही दुधाचंच होतं. विरजण देणारी बारीक आहे म्हणून घेणारी तशी होत नाही."

वृषालीनं मान हलवली. एक शब्द आत गेला असेल तर शपथ.

दवाखान्याची एक पद्धत होती. पेशंटनं तीन वेळा येऊन एका कागदावर स्वतःच्या हातानं लिहायचं, काय झालं म्हणजे तुम्हाला उपचार फळला असं वाटेल. तिन्ही कागद जुळले तर पुढची तारीख. वृषालीनं तिन्ही वेळा लिहिलं, 'गुडघे दुखू नयेत. जिना चढता यावा.' खरं लिहायचं तर तिला लिहावं लागलं असतं, 'एकदा पंगतीत सगळ्यांनी माझ्याकडे बघावं, आणि केतकीनं ते बघावं.' असलं कोण लिहितं?

राहता राहिलं केतकीला विचारणं. आठ दिवस वृषालीच्या जिभेवर शब्द येईनात. शेवटी तिचा नवरा धनंजय वैतागला. "सख्ख्या बहिणीकडे विरजण मागायला लाज कसली? मी लावतो फोन." आणि त्यानं लावलाच, स्पीकरवर.

पलीकडे केतकीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिचं ते नेहमीचं हसू आलं. "दिवेलागण झाली गं ताई, या वेळेला विरजण देत नाहीत!"

"राहू दे मग," वृषाली फणकारली.

"अगं, चेष्टा केली. घे की. हवं तेवढं घे, माझं काय जातंय!"

माझं काय जातंय! वृषालीला ते शब्द असे झोंबले की विचारू नका. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी तळमळले ते हिला ओंजळभर देऊन टाकायलाही जड नाही. एवढं भरलेलं हिचं कोठार!

शस्त्रक्रिया झाली. केतकीच्या गळपट्टीच्या हाडामागून सुईनं चमचाभर ऐवज काढला, ती दुसऱ्या दिवशी सांगलीला घरी गेली. वृषालीचं पोट आणि कंबर काळीनिळी झाली. अंगावर दीड महिना घालायचा घट्ट पोशाख दिला होता, त्याची शिलाई बघून तिनं नर्सला सुनावलं, "ही काखेतली शिवण कुणी घातली? मशीन द्या, उसवून नीट करून देते." तिसऱ्या दिवशी काट्यावर उभी राहिली तर वजन पंच्याऐंशी. एक किलो वाढलेलं! तिनं हंबरडाच फोडला. सूज आहे, उतरेल, असं डॉक्टरांनी तीन वेळा सांगितलं.

सूज उतरली. दीड महिन्यानं विरजणही टोचलं. काटा एक्क्याऐंशीवर आला आणि तिथं बसून राहिला. अगदी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. आणि तसंच झालं याचाच वृषालीला राग आला.

मग सुरू झाली भूक. आधीही तिला भूक लागायची, पण ही निराळी होती. सकाळी अकराला लागायची, चारला लागायची, जेवून हात धुताना लागायची. जिभेचे चोचले म्हणाल तर तसं नव्हतं. अंगच मागायचं. वृषालीनं दात खाल्ले. दोन भाकऱ्यांची एक केली. दुकानात शेंगदाण्याची बरणी होती ती शेजारच्या औषधवाल्याला देऊन टाकली. चार वाजता ताक प्यायची आणि रागारागानं काजं शिवायची. एका महिन्यात पाऊण किलो, पुढच्यात अर्धा, एकदा काहीच नाही. पण ती हटली नाही, कारण समोर केतकी होती.

आणि केतकी? केतकी वाढत होती.

आधी वृषालीला वाटलं टेपच सरकली. पुन्हा लावली. कंबर साडेसत्तावीस.

"किती गं ताई?"

"थोडी वाढलीस," वृषाली म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला पराकाष्ठा करावी लागली. मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

"तुला दिलं ना, म्हणून," केतकी म्हणाली. "डॉक्टर म्हणालेल्याच, दोन-तीन किलो वाढतील म्हणून."

दोन-तीनवर ते थांबलं नाही. संक्रांतीला कंबर एकोणतीस, पाडव्याला एकतीस. केतकीचे जुने ब्लाउज एकेक करून उसवायला यायला लागले आणि वृषाली ते असे हौसेनं उसवायची, जणू ओवाळणीच आली आहे. वरवर म्हणायची, "अगं, वयच आहे. मनाला लावून घेऊ नको." आणि केतकी खाली मान घालून म्हणायची, "नाही गं, कसलं मनाला लावून घेतेय!" बिचारी दाखवत नाही, असं वृषालीला वाटायचं, आणि त्या वाटण्यातही तिला गोडी यायची. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण त्या सहा महिन्यांत ती जितकी सुखात होती तितकी आयुष्यात नव्हती.

वर्ष भरायला आलं तेव्हा मुजावर डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं. वृषालीचं वजन शहात्तर झालं होतं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाल्या. "आता नीट ऐका. तुमच्या विरजणातल्या निम्म्याहून जास्त पेशी मेल्यात. असं होतं. ती एक भाकरी आता अर्धीसुद्धा राहिली नाही. हे जे उतरवलंय, त्यातलं नळीचं तीन किलो सोडा, बाकीचं बरंचसं तुमच्या निग्रहानं उतरलंय."

"बरं," वृषाली म्हणाली. तिला ते मुद्द्याचं वाटलं नाही.

"आता दुसरी गोष्ट. केतकीताईंचं वजन अठ्ठेचाळीसचं सत्तावन्न झालंय. देणाऱ्याचं वजन दहा टक्क्यांहून जास्त वाढलं तर घेणाऱ्याला विचारायचा नियम आहे. उरलेल्या पेशी तुमच्यातून काढून, वाढवून, त्यांना परत देता येतात. तुमचे दीड-दोन किलो परत चढतील. उपयोग होईलच असं नाही, त्यांच्या तपासण्यांबद्दल मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. तुम्ही हो म्हणालात तरच त्यांना विचारू. नाही म्हणालात तर हे त्यांना कधी कळणार नाही."

दीड किलो! एखादं कलिंगड याहून जड असतं. बहीण फोनवर म्हणाली होती, हवं तेवढं घे. वृषालीच्या डोळ्यांसमोर केतकीची कंबर आली. एकतीस इंच. आणि मग सव्वीस. पुन्हा तीच पंगत, तेच मोजणं, तेच हसू.

"नाही," ती म्हणाली आणि सही केली.

घरी येईपर्यंत काही वाटलं नाही. पण मग ते मनातून जाईना. कापड बेतताना आठवायचं, ताक पिताना आठवायचं. दोन ब्लाउज तिनं उलट्या बाजूनं कापले, असं पंचवीस वर्षांच्या शिवणकामात झालं नव्हतं. धनंजय म्हणाला, "काय झालंय? बरं नाही का?" तिनं त्यालाही सांगितलं नाही. कुणाला काय सांगणार, की माझ्या सख्ख्या बहिणीनं मला अंगातलं काढून दिलं आणि मी त्यातलं उरलंसुरलंही परत दिलं नाही, का, तर ती जाड दिसावी म्हणून?

पाचव्या दिवशी ओवीचा घागरा दाखवायच्या निमित्तानं ती सांगलीला गेली. बिनड्रायव्हरच्या बसमध्ये बसून तिनं चार वेळा पाठ केलं, कसं सांगायचं ते.

दुपारची दोनची वेळ. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात केतकी खाली फरशीवर पाय पसरून बसली होती. मांडीवर पातेलं. दहीभात, वर मोहरी-मिरचीची फोडणी, बाजूला लिंबाचं लोणचं. ती जेवत होती. बघायला कुणी नव्हतं, मोजायला कुणी नव्हतं. शांतपणे, घास चावत, डोळे अर्धवट मिटून. वृषालीनं आपल्या बहिणीला आयुष्यात कधी असं जेवताना पाहिलं नव्हतं.

"ताई! तू कधी आलीस?" केतकी दचकली.

वृषाली तिच्यासमोर खाली बसली. पाठ केलेलं सगळं विसरली आणि नुसतं सांगून टाकलं. डॉक्टर काय म्हणाल्या, आपण काय म्हणालो, का म्हणालो. "तुझ्यावर जळत होते मी. लहानपणापासून. आता मार मला, नाहीतर बोलू नकोस. उद्याच मिरजेला जाऊन हो म्हणून येते."

केतकीचा चेहरा पांढरा पडला. पण तिच्या तोंडातून जे निघालं ते वृषालीच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"नको! ताई, पाया पडते, परत देऊ नकोस!"

"अगं, पण..."

"माझ्यात काही जास्तीचं नव्हतंच गं. डॉक्टरनी आधीच्या तपासणीतच सांगितलं होतं, चारचौघींसारखंच आहे तुमचं, विरजणाला पुरेल एवढं. मीच म्हटलं, ताईला बोलू नका."

"मग तू बारीक कशी?"

केतकीनं पातेलं बाजूला ठेवलं. "उपाशी राहून," ती म्हणाली. "कार्यात पाच पोळ्या खायच्या आणि घरी येऊन तीन दिवस पाण्यावर राहायचं. कुणी यायचं असलं की आदल्या दिवशी जेवायचं नाही, म्हणजे त्यांच्यासमोर खाता येतं. बारा वर्षांची असल्यापासून. बेबीमावशी ते बोलली ना, केतकीला लागत नाही म्हणून, सगळ्यांनी किती कौतुक केलं माझं! मग पुढच्या वर्षी फ्रॉक घट्ट झाला आणि मला घामच फुटला. तुझ्यासारखी अभ्यासात नव्हते, हाताला कला नव्हती. माझ्याजवळ एवढंच तर होतं."

वृषालीनं त्या पातेल्याकडे पाहिलं.

"तुला विरजण दिलं आणि सुटले मी. वाढले तर वाढले, लोक म्हणणार, बहिणीला दिलं म्हणून वाढली. पहिल्यांदा घरी बसून पोटभर जेवले तेव्हा रडले होते. तू माझ्यावर जळायचीस म्हणतेस? तू चोरून का होईना, जेवायचीस गं. मला किती हेवा वाटायचा!"

वृषालीला वाटलं, उठावं आणि हिच्या एक कानाखाली द्यावी. पस्तीस वर्षं! पस्तीस वर्षं आपण जिच्यावर जळलो ते काय, तर हिच्या उपासावर? आणि हिनं तेव्हाच तोंड उघडलं असतं तर? पण कानाखाली देण्याआधी तिचं लक्ष केतकीच्या चेहऱ्याकडे गेलं. गाल भरले होते. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. कातडीवर तकाकी आली होती. जाड झालेली केतकी बारीक केतकीपेक्षा चांगली दिसत होती, आणि ती तृप्त होती. आपण मात्र शहात्तर किलोंवर, अकरा वाजल्यापासून भुकेल्या. वृषालीला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. हिचं जाडेपणही हिला शोभतं मेलीला!

"कुणाला सांगू नकोस," केतकी म्हणाली. "बेबीमावशीला तर मुळीच नको. कळलं ना, की उद्यापासून सगळ्या माझ्या ताटात बघतील. मग माझ्यानं घास गिळवणार नाही. मला माहीत आहे माझं."

"बघू," वृषाली म्हणाली. वचन तिनं दिलं नाही.

ओवीचं केळवण वृषालीकडे पुढच्या रविवारी होतं. ओवीची मावशी म्हणून तिचा मान. ताटाभोवती रांगोळी, मसालेभात, कटाची आमटी, पुरणपोळी. वीस-बावीस माणसं. बेबीमावशी ऐंशीच्या पुढे गेली होती, पण जीभ जशीच्या तशी. ती पंगतीच्या मध्यावर बसली. तिच्या उजव्या हाताला ओवी, डाव्या हाताला केतकी. धनंजय पोळ्या वाढत होता, वृषाली तुपाचं भांडं घेऊन मागून फिरत होती.

वृषालीनं निळा ब्लाउज घातला होता, स्वतःच्या नव्या मापाचा. दारातून येणारी प्रत्येक बाई म्हणत होती, "अगंबाई, वृषाली! ओळखूच आली नाहीस!" इतक्या वर्षांत पहिल्यांदा पंगत तिच्याकडे बघत होती. ती तरंगत होती म्हणा ना.

केतकीनं पहिली पोळी संपवली आणि दुसरी घेतली. बेबीमावशीनं ते बघितलं.

"पूर्वी पाच खायची, लागायची नाही," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आता लागते बिचारीला. पण मन केवढं गं पोरीचं! स्वतःचं रूप काढून बहिणीला दिलं. आणि वृषाले, तुझी मजा आहे. काही न करता आयती बारीक झालीस."

"खरंच हो," कुणीतरी म्हणालं. "अशी बहीण मिळायला नशीब लागतं." सगळ्या माना केतकीकडे वळल्या. कौतुकानं.

वृषालीच्या हातात तुपाचं भांडं तसंच राहिलं. आयती! वर्षभर ताकावर काढलेल्या दुपारी, एकच भाकरी, पोटाशी उशी धरून काढलेल्या रात्री, काट्यावर अर्ध्या किलोसाठी जोडलेले हात. जन्मात एक गोष्ट तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती आणि तीही केतकीच्या नावावर जमा! बारीक असतानाही हिचं कौतुक, जाड झाली तरी हिचंच! एक वाक्य पुरे होतं. मावशी, तिनं काही दिलं नाही, तिच्याकडे नव्हतंच, डॉक्टरांना विचारा. वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"किती गं दिलं तिनं तुला?" मावशीनं विचारलं. "का सगळंच ओरबाडून घेतलंस?"

वृषालीनं केतकीकडे पाहिलं. केतकीचा हात घासासकट ताटावर थांबला होता. ती वर बघत नव्हती. पुरणातून तूप ओघळून मनगटापर्यंत आलं होतं. बारा वर्षांची पोर बसलेली असावी तशी ती बसली होती.

"सगळंच घेतलं मावशी," वृषाली म्हणाली. आवाज जरा चढाच लागला. "होतं नव्हतं तेवढं तिनं दिलं आणि मी घेतलं. मी काय केलं? काही नाही. आयतीच बारीक झाले."

"तेच म्हणते मी," बेबीमावशी म्हणाली आणि आमटीकडे वळली.

केतकीनं घास तोंडात घातला. चावला, गिळला. मग मान वर करून, बहिणीकडे न बघताच ती धनंजयला म्हणाली, "दाजी, अर्धी वाढा. नको, आख्खीच वाढा."

धनंजयनं पोळी वाढली. वृषालीनं तिच्यावर तुपाची धार सोडली, आणि आतून जळत जळतच का होईना, केतकी पुरे म्हणेपर्यंत थांबली नाही.